पडवीतला वायफाय

ठाकुर्लीला मी ज्यांच्या घरात भाड्याने राहायचे ते होमिओपॅथीचे डॉक्टर होते. खाली त्यांचा दवाखाना आणि घर, वर माझ्या दोन खोल्या. सामान घेऊन मी आले त्या दिवशी टेम्पोवाला घाई करत होता, गल्लीत मागे दोन रिक्षा हॉर्न वाजवत होत्या आणि मी गॅसची शेगडी पोटाशी धरून जिना शोधत होते. डॉक्टर दारात उभे राहून शांतपणे हे सगळं बघत होते. मी जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "अहो, तुम्ही झोपेत पाय पांघरुणाच्या बाहेर काढता का?"

"काय?"

"पाय. काही जणांच्या तळपायांची आग होते, ते काढतात बाहेर."

"मी कधी बघितलं नाही."

"बघा आणि सांगा. घाई नाही."

आमची ओळख झाली ती अशी. माझं नाव त्यांनी करारावर वाचलेलं होतं, पण मी तिथे राहिले तोवर ते मला "अहो, वरच्या" अशीच हाक मारायचे. 'अहो' सगळ्यांनाच. शाळकरी पोरांना, भाजीवाल्याला, दवाखान्याच्या पायरीवर झोपणाऱ्या मांजरालासुद्धा. "अहो, सरका जरा, पेशंट यायचेत," असं ते मांजराला म्हणायचे आणि ते सरकेपर्यंत थांबून राहायचे.

मी तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरीला होते. आठवड्यातले दोन दिवस ऑफिस, बाकीचे दिवस घरूनच काम. गावाहून आई फोनवर विचारायची, "घरमालक कसे आहेत गं?" मला एका वाक्यात सांगता यायचं नाही. चांगले आहेत म्हणावं, तर मी कॉफी केली की ते खालून ओरडायचे, "अहो वरच्या, दार लावून घ्या!" कॉफी, कापूर, बाम, अत्तर असल्या उग्र वासांनी औषधांचा गुण जातो अशी त्यांची ठाम समजूत. दवाखान्यात येणाऱ्या माणसाला ते आधी हुंगायचे. सेंट मारून आलेल्या एका नवऱ्यामुलाला त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलेलं, वारा लागून वास उडेपर्यंत. तो बिचारा साखरपुड्याला निघालेला.

त्यांचे प्रश्न सगळ्या गल्लीत प्रसिद्ध होते. खोकला घेऊन गेलात तर खोकल्याबद्दल शेवटी विचारणार. आधी, तहान लागली की घोट घोट पाणी पिता की घटाघटा? गर्दीत राग येतो की रडू येतं? कुणी समजूत घातली की बरं वाटतं की जास्त चिडायला होतं? माणसं वैतागायची. पण एवढं सविस्तर त्यांना दुसरं कुणी विचारतही नसे, म्हणून परत यायची. मी खिडकीतून बघायचे. आत जाताना कपाळाला आठ्या असलेली बाई तासाभराने हसत बाहेर पडायची, हातात साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांची बाटली.

दोन वाक्यं त्यांच्या तोंडी कायम. एक, "एका वेळी एकच औषध." आणि दुसरं, "थांबा, बघूया." नळ गळायला लागला, थांबा, बघूया. जिन्यातला दिवा गेला, थांबा, बघूया. मी दुसऱ्या दिवशी स्वतः दिवा आणून लावला तर म्हणाले, "तो आपोआप येतो का ते बघायचं होतं मला."

पण एका बाबतीत मात्र ते अजिबात थांबायचे नाहीत. पेशंट म्हणाला की पोटात दुखतंय, आणि बरेच दिवस दुखतंय, की डॉक्टरांचा चेहरा बदलायचा. प्रश्न बंद. सरळ चिठ्ठी लिहून हातात, आधी हॉस्पिटलात जाऊन तपासण्या करा. कोपरच्या खाडीकडून एक कोळीण मावशी मासे विकायला यायची, ती एकदा पोट धरून आली. त्यांनी तिलाही चिठ्ठी दिली. मावशी दारातच उभी राहिली.

"डागतर, मना गोल्या दे. मना मशीनीत कशाला घालतस?"

"मावशी, आधी सोनोग्राफी. गोळ्या कुठे पळून जात नाहीत."

"मंग तू दवाखाना कशाला उघरलास?"

"तो माझा प्रश्न आहे. तुम्ही आज जा. उद्या नको, आज."

मावशी बडबडत गेली. डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावून तिच्या मागोमाग निघाले. ती खरोखर जाते का ते बघायला स्टेशनपर्यंत गेले, तिच्या हातातली रिकामी टोपली स्वतः धरून. तिला काहीच निघालं नाही, नुसती ॲसिडिटी. पण गल्लीत लोक हसायचे, की हे डॉक्टर गोळ्या कमी देतात आणि दुसऱ्यांकडे पाठवतात जास्त.

मी हसायचे नाही, कारण ते असं का करतात हे मला समोरच्या घरातल्या वहिनींनी सांगितलेलं. मी यायच्या आदल्या वर्षी डॉक्टरांची बायको गेली होती. पोटाचंच दुखणं. त्यांना सगळे काकू म्हणायचे. काकूंचा फोटो दवाखान्यात, गोळ्यांच्या कपाटाच्या वर लावलेला होता, आणि मागच्या पडवीत त्यांनी लावलेली झाडं होती. अबोली, गवती चहा, एक कढीपत्ता. झाडांना पाणी घालायला डॉक्टर कुणालाही सांगायचे नाहीत. स्वतः घालायचे, तांब्याने, प्रत्येक कुंडीजवळ थोडं थांबून.

एकुलता एक मुलगा कॅनडात होता. काकूंच्या कार्याला आलेला, तेव्हा बापलेकांचं काहीतरी फार वाईट झालेलं, एवढंच वहिनींना माहीत होतं. जाताना तो स्वतःचा जुना लॅपटॉप ठेवून गेला आणि दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करायचा. डॉक्टरांकडे मोबाइल होता तो बटणांचा. त्यामुळे तो लॅपटॉप हाच दोघांना समोरासमोर बोलायचा एकमेव रस्ता. राउटर जिन्यात, मधल्या वळणावर बसवलेला, म्हणजे वर मला आणि खाली त्यांना सारखाच मिळेल. माझ्या कामासाठी मी त्याला एक छोटी बॅटरी जोडलेली, लाइट गेली तरी तो चालू राहायचा.

डॉक्टरांची अजून एक सवय सांगितली पाहिजे. राग आला की ते भांडायचे नाहीत, उठून जायचे. वाक्य अर्धवट सोडून चपला घालायच्या आणि चालायला लागायचं. प्लंबरशी बोलता बोलता एकदा असेच उठले, फाटकाबाहेर पडले, स्टेशनच्या पुलापर्यंत जाऊन आले आणि परत येऊन म्हणाले, "आणि म्हणून सांगतो, पूर्ण नळच बदला." प्लंबर तोवर चहा पिऊन निघायच्या बेतात होता. पण प्रत्येक वेळी ते परत येऊन वाक्य पुरं करायचेच असं नाही. फोनवर तर नाहीच. चिडले की फोन ठेवून द्यायचे. काकू असताना, वहिनी म्हणायच्या, मुलाशी असं कितीदा झालंय. मग काकू परत लावायच्या आणि दोघांच्या मधलं बोलायच्या.

आता मधलं बोलणारं कुणी नव्हतं.

तर, लॅपटॉपच्या पडद्यावर बरेच दिवस एक सूचना येत होती. सिस्टिम जुनी झाली, नवी घ्या. डॉक्टर रोज ती वाचायचे आणि बंद करायचे. थांबा, बघूया. शेवटी मुलाने मलाच मेसेज केला. डॉक्टरांची काही अडचण आली तर कळवायचं म्हणून त्याचा नंबर माझ्याकडे होता. म्हणाला, प्लीज ते अपग्रेड करून द्या, बाबा ऐकत नाहीयेत.

एका शनिवारी दुपारी आम्ही ते सुरू केलं. पडद्यावर टक्के हळूहळू वाढत होते. मी म्हटलं, "डॉक्टर, हे चालेल तासभर, तुम्ही पडा जरा." पण ते खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले. मधूनच लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवायचे.

"अंग गरम आहे याचं."

"होतं तसं अपग्रेडला."

"पंखा लावू का?"

त्यांनी खरोखर टेबलफॅन आणून त्याच्यासमोर लावला. अपग्रेड झालं, नवा रंगीत पडदा आला, डॉक्टरांनी मान डोलावली. मीही खूश होऊन वर गेले.

त्याच्या नंतरच्या रविवारपासून कॉल मध्येच तुटायला लागला.

मला हे आधी कळलं ते मुलाच्या मेसेजवरून. "बाबांना सांगा, बोलायचं नसेल तर तसं सांगा. असं मध्येच कापत जाऊ नका." मी खाली गेले तर डॉक्टर पडवीत, मांडीवर लॅपटॉप घेऊन, तसेच बसलेले. पडद्यावर नेटवर्क नसल्याची खूण.

"अहो वरच्या," ते म्हणाले, "तुमचा वायफाय मला खोटं पाडतोय."

मी मुलाला कळवलं, की कापला नाही, वायफाय गेला. त्याचं लगेच उत्तर आलं. "दर वेळी त्याच वाक्याला?"

ते कुठलं वाक्य, मी विचारलं नाही. डॉक्टरांनाही विचारलं नाही. मला वाटलं, आपण कॉम्प्युटरवाले, आपल्याला जे येतं ते करूया. मी बसले आणि धडाधड सुरू केलं. राउटर बंद करून चालू केला. लॅपटॉपमधून नेटवर्क काढून टाकलं, पासवर्ड घालून परत जोडलं. दुरुस्तीचा जो आपोआप चालणारा प्रोग्राम असतो तो चालवला, त्याने 'काही दोष आढळला नाही' असं सांगितलं. मग वायफायचा ड्रायव्हर नवा घालायला गेले, तेवढ्यात डॉक्टरांनी झाकण हळूच मिटलं.

"का?"

"तुम्ही चार औषधं एकदम दिलीत. आता हे बरं झालं तर कशाने झालं ते कळणार कसं? आणि नाही झालं तर?"

"डॉक्टर, हे मशीन आहे."

"असू दे. आधी मला विचारू दे." आणि त्यांनी पेशंटची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "हं. कधीपासून?"

"काय कधीपासून? अपग्रेड केलं तेव्हापासून."

"लगेच की काही वेळाने?"

"कॉल लावल्यावर थोड्या वेळाने जातं. लगेच नाही."

"सकाळी जास्त की संध्याकाळी?"

असं ते विचारत गेले आणि मी चिडत गेले. पण दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की त्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला ठाऊकच नव्हती. आठवडाभर आम्ही नुसतं बघत होतो. डॉक्टर दवाखान्यात बसून लॅपटॉपवर जुनी नाट्यगीतं लावायचे, ती नीट चालायची. पडवीत नेला की थोड्या वेळाने गाणं अडकायचं. आत बरा, बाहेर आजारी, असं त्यांनी जाहीर केलं.

मग बाहेर काय आहे ते बघणं आलं. आधी त्यांचा संशय पाण्याच्या पंपावर. पंप बंद ठेवून पाहिला, तर तरीही तुटायचं, आणि वर माझ्या नळाला पाणी येईना. मग शेजारच्यांचा मायक्रोवेव्ह. डॉक्टर त्यांच्याकडे जाऊन म्हणाले, "अहो, आज संध्याकाळी काही गरम करू नका." शेजाऱ्यांनी त्या दिवशी गार जेवण जेवलं, कारण काकूंच्या नंतर डॉक्टरांना कुणी नाही म्हणायचं नाही. तरी तुटलं. मग पडवीवरचा पत्रा. मी म्हटलं, "डॉक्टर, साधी गोष्ट आहे. मध्ये दोन भिंती आहेत. रेंज पोचत नाही."

"मग तुमचा आणा."

मी माझा लॅपटॉप पडवीत आणला. दोन भिंती, पत्रा, पंप, सगळं असूनही तो सरळ चालला. माझी एक अख्खी मीटिंग मी अबोलीच्या कुंडीशेजारी बसून केली. डॉक्टर शेजारी शांत बसून होते आणि मीटिंग संपल्यावर म्हणाले, "तुमचे साहेब प्रत्येक वाक्यानंतर खाकरतात. त्यांना घशाचं विचारा."

म्हणजे राउटर ठीक, रेंज ठीक. दोष त्यांच्या लॅपटॉपमध्येच, आणि तोही पडवीतच. याचा काही अर्थ लागेना. मी सरळ म्हटलं, "मग कॉल आत, दवाखान्यात बसून करा ना. तिथे चालतंय."

डॉक्टर उठले. मला वाटलं, आता चपला घालणार. पण ते कढीपत्त्यापाशी जाऊन उभे राहिले.

"आत नाही जमत."

"का?"

"आत तिचा फोटो आहे."

 ते पाठमोरे होते, पानं खुडत होते, उगाच, लागत नसलेली.

"मला जे त्याला सांगायचंय ते तिच्यासमोर नाही सांगता येणार," ते म्हणाले. "दर रविवारी इकडचं तिकडचं बोलून होतं. मग तो विचारतो. मी सुरुवात करतो आणि हे जातं. त्याला वाटतं, बाबा उठून गेले. वाटणारच. आयुष्यभर तेच केलंय मी."

त्यानंतर मी चिडायचं सोडून दिलं. ऑफिसमधल्या एका मित्राला विचारलं, तो म्हणाला, सगळं पुसून नव्याने टाक. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी हात जोडले. "पेशंट मेला तर रोग जातोच," म्हणाले.

सुटका झाली ती लाइट गेल्यामुळे. शुक्रवार होता, दुपारची वेळ, मी वर काम करत होते. पंखा बंद पडला. राउटर त्याच्या बॅटरीवर चालू होता, माझं काम चालू होतं. आणि खालून एकदम आवाज आला. एवढा मोठा आवाज मी डॉक्टरांचा कधी ऐकला नव्हता.

"अहो वरच्या! आत बसूनही गेलं!"

मी धावत खाली. डॉक्टर दवाखान्यात टेबलाशी, लॅपटॉप समोर, नाट्यगीत मध्येच थांबलेलं. बाहेरच्या बाकावर दोन पेशंट. डॉक्टरांचा चेहरा आनंदाने लाल झालेला.

"आत बसूनही गेलं!" ते परत म्हणाले. "म्हणजे पडवीचा काही संबंध नाही. जागेचा संबंधच नाही. मग आज आत काय वेगळं आहे?"

"लाइट गेलीय," मी म्हटलं.

"पण वायफाय तर चालू आहे तुमचा."

"हो, तो बॅटरीवर..." आणि तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. दवाखान्यात लॅपटॉप कायम चार्जरला लावलेला असायचा. पडवीत प्लगच नव्हता. तिथे तो नेहमी बॅटरीवर चालायचा. आज लाइट गेली म्हणून पहिल्यांदाच आतही तो बॅटरीवर होता.

मी सेटिंग उघडल्या. अपग्रेड होताना जुन्या सेटिंग जाऊन नव्या आल्या होत्या. चार्जर लावलेला असताना वायफाय पूर्ण ताकदीने, आणि बॅटरीवर असताना जास्तीत जास्त वीज वाचवायची. शिवाय आणखी एका ठिकाणी एक बरोबरची खूण आपोआप बसलेली, की वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला कॉम्प्युटरला परवानगी आहे. मी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, खाली आणला, पुन्हा वाचलं.

"म्हणजे आपली ताकद कमी पडतेय असं वाटलं, की हा सगळ्यात आधी बोलणं बंद करतो?"

"तसंच म्हणा."

 मी खूण काढायला हात पुढे केला तर म्हणाले, "एका वेळी एक." म्हणून आधी ती खूण काढली, तेवढ्याने थोडा फरक पडला. मग दुसरी सेटिंग बदलली. मग आम्ही लॅपटॉप चार्जरशिवाय पडवीत नेऊन ठेवला आणि नाट्यगीतं लावली. एकामागून एक, न अडकता, दिवेलागणीपर्यंत. लाइट मध्येच कधीतरी परत आली, कुणाच्या लक्षात आलं नाही. बाकावरच्या दोन पेशंटांपैकी एक जण गाणी ऐकत बसलेला, तो गोळ्या न घेताच घरी गेला.

पुढचं आधी सांगून टाकते. ते घर आता नाही. तिथे मोठी इमारत उभी राहतेय, खाली पार्किंग, वर मजलेच मजले. मी लग्न होऊन वर्तकनगरला आले. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि ते ठाकुर्लीलाच एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. अबोली त्या हलवाहलवीत गेली, कढीपत्ता मात्र जगला. मुलगा दर हिवाळ्यात येतो. पहिल्या वर्षी आला तेव्हा मी अजून वरच राहत होते. बापलेकांचं फार जुळलं वगैरे काही नव्हतं. सकाळी चहावरून वाद, दुपारी बिल्डरवरून वाद. एकदा मुलगा तावातावाने जिना चढून माझ्या दारात आला आणि म्हणाला, "तुम्हीच सांगा हो यांना, तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय कसं राहणार!" खालून डॉक्टर ओरडले, "लिफ्ट आहे! तुला किती वेळा सांगितलं!" मी दोघांनाही पोहे खायला घातले. अजूनही मी फोन केला की डॉक्टर आधी माझ्या झोपेची चौकशी करतात. माझ्या मुलीला 'अहो' म्हणतात. ती चार वर्षांची आहे आणि तिला ते फार आवडतं.

राहिला तो रविवार. वायफाय सुधारला त्याच्या लगेच पुढचा.

सकाळी मी मुद्दाम गॅलरीचं दार लावून घेतलं, म्हणजे पडवीतलं काही कानावर यायला नको. कपडे धुतले, वरण लावलं, पुन्हा पुन्हा हात पुसत घरभर फिरत राहिले. मुलाचा नेहमीचा मेसेज यायची वेळ झाली, आला नाही. त्यानंतरही कितीतरी वेळ काही नाही. दुपार झाली तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. गुडघ्यांमुळे डॉक्टर कधी वर यायचे नाहीत, खालूनच हाक मारायचे. दार उघडलं तर कठडा धरून उभे होते, श्वास लागलेला.

मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. ते ग्लास हातात धरून बसले, प्यायले नाहीत.

"सांगितलं मी त्याला," ते म्हणाले. "तिला दुखायला लागलं तेव्हा ती म्हणत होती, कुणाला तरी दाखवूया. मी म्हटलं, थांबा, बघूया. महिनाभर माझ्याच गोळ्या दिल्या. महिना गेला आणि मग नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तरी फार फरक पडला असता असं नाही. पण पडला नसता असंही ते म्हणाले नाहीत. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तो विचारायचा, बाबा, तुम्ही किती दिवस थांबलात? एवढंच विचारायचा. आणि मी 'त्याचं असं आहे' म्हणून सुरू केलं, की ते जायचं."

"आज?"

"आज गेलं नाही."

"मग काय म्हणाला तो?"

"नंतर पुष्कळ बोलला. ओरडला. रडला. बोलू दे म्हटलं, त्याचा हक्क आहे." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "पण आधी काहीच बोलला नाही. मी सगळं सांगितलं आणि समोर तो नुसता बसलेला. डोळे खाली. हलेना, बोलेना.  मला वाटलं, हे परत अडकलं. माझं किती ऐकलं त्याने? कुठल्या वाक्यापर्यंत पोचलं? आता हे सगळं परत पहिल्यापासून सांगायला मला जमेल का?"

 चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसला आणि तसाच हातात धरला.

"मग त्याच्या मागे खिडकी आहे ना, तिचा पडदा हलला. थोडासाच. वाऱ्याने. मी बघत राहिलो. परत हलला. म्हणजे कॉल चालू होता, अहो. त्याने सगळं ऐकलेलं होतं आणि तो तिथेच होता."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "मीही बसून राहिलो."